‘पाणीपाळी’ला किती मार्क?

“वा! काय सुरेख मूर्खपणा आहे!”

स्वारगेटहून वारज्याकडे निघालेल्या बसमध्ये शेजारच्या सीटवरचा तरुण हे स्वतःशीच, पण चांगलं खणखणीत बोलला आणि उत्कर्षाने मान वळवली. बाहेर परतीचा पाऊस धो-धो कोसळत होता, बस डेक्कनच्या अलीकडेच ठप्प झाली होती, खिडकीतून येणाऱ्या शिंतोड्यांनी तिची ओढणी भिजत होती... पण ते सगळं ती एका क्षणात विसरली. कारण त्या माणसाच्या हातात गेम खेळायचं छोटंसं यंत्र होतं आणि त्याच्या पडद्यावर उभी होती चंद्रभागा! लाल परकर, खांद्यावर खोरं, आणि समोर चिखलात उमटलेले, हरवलेल्या म्हशीच्या खुरांचे ठसे.

चंद्रभागा उत्कर्षाची होती. म्हणजे तिनेच काढलेली, तिनेच चालायला शिकवलेली. ‘पाणीपाळी’ हा तिचा व्हिडिओ गेम अजून बाजारात आलाच नव्हता. तो फक्त मोजक्या समीक्षकांकडे गेला होता, तोही या बोलीवर की गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. म्हणजे हे महाशय त्यांच्यातलेच एक. आणि तो आवाज... अगं बाई! तो आवाज तर गेम खेळणारं प्रत्येक मराठी पोर ओळखतं. ‘दहापैकी’ नावाच्या चॅनेलवरचा, कधी चेहरा न दाखवणारा, नाकातल्या नाकात हसत भल्याभल्या गेमची सालं काढणारा आवाज! सातच्या वर मार्क त्याने आजवर कुणाला दिले नव्हते. एका गेमबद्दल तर तो म्हणाला होता, “सुरुवातीला एक चकती गोल फिरते. ती छान आहे. ती बघावी आणि निघावं.”

तो खडूस प्राणी हा? कपाळावर आलेले कुरळे केस, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि... आता खरं बोलायला काय जातंय, दिसायला बरा. बऱ्यापैकी बरा.

उत्कर्षाच्या जिवाची मात्र तगमग सुरू झाली. चांगली आयटीतली नोकरी सोडून तिने हा गेम करायला घेतला होता. इकडे हैदराबादच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिने वडिलांना, अप्पांना, सांगून टाकलं होतं – समीक्षकांनी बरं म्हटलं तर इथेच राहून दुसरा गेम करेन, नावं ठेवली तर मुकाट्याने हैदराबाद. सांगून टाकलं खरं, पण वारजं सोडायचा विचारही तिला नको वाटत होता.

“अडलंय का काही?” तिने विचारलं. विचारायला नको होतं. पण तोंड तिचं, ते कुणाचं ऐकतंय?

“मी नाही अडलो. गेम अडलाय.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “हे बघा. कॅनॉलला पाणी सुटलंय. त्यातून निघालेल्या या छोट्या चारीवर ओळीने शेतं आहेत. मी शहाण्या माणसासारखा पहिल्या शेताचं दार उघडतो, मग दुसऱ्याचं... आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतच नाही. सकाळपासून हेच चाललंय. शेवटच्या म्हातारीचा ऊस वाळतो आणि ती मला शिव्या घालते.”

“बरोबर आहे तिचं.”

“म्हणजे?”

“अहो, पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करायची असते. वरच्याने आधी घेतलं की तो सोडतोय का पाणी? त्याचं ‘आणखी थोडं, आणखी थोडं’ संपतच नाही. म्हणून टोकाच्या शेताला आधी द्यायचं, मग त्याच्या वरच्याला... असं करत वर यायचं.”

त्याने तिच्याकडे संशयाने बघितलं. मग चंद्रभागेला पार शेवटच्या दारापर्यंत पळवलं, खोरं मारलं... आणि पाणी आलं! झुळझुळ करत, वळणं घेत, पार म्हातारीच्या उसात. म्हातारीने बोटं मोडून चंद्रभागेची दृष्ट काढली. आणि तो हसला. चॅनेलवरचं नाकातलं हसू नाही हो, चांगलं मोकळं, पुढच्या सीटवरच्या काकांनी वळून बघावं असं.

“कोण तुम्ही? पाटबंधारे खातं?”

“वारज्याची.”

“आणि वारज्यात हे सगळ्यांना माहीत असतं?”

“शेंबड्या पोराला विचारा.”

“अहो पण मी सदाशिव पेठेतला! आमच्याकडे पाणी नळाला येतं आणि ज्याचा पंप दणकट त्याला आधी मिळतं. गेम बनवणाऱ्याने हे सांगायला नको? एक शब्द नाही, एक खूण नाही! स्वतःला फार शहाणा समजतोय लेकाचा.”

उत्कर्षाच्या पायाखालची बस सरकली. म्हणजे बस जागची हलली नव्हती, तरीसुद्धा.

त्याचं असं आहे. गेम तयार झाला की तो आधी चार माणसांच्या हातात देऊन बघतात, कोण कुठे अडतं ते समजावं म्हणून. उत्कर्षानेही दिला होता. कुणाला? अप्पांना, शालूआत्याला आणि चुलतभाऊ साईनाथला! तिघांनीही ते कोडं पोहे खाता खाता सोडवलं होतं. सोडवणारच! वारज्यातली शेतं जाऊन तिथे इमारती झाल्याला किती वर्षं लोटली, पण पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं त्या घरात अजून जेवताना निघतात. उत्कर्षाला वाटलं, कोडं फारच सोपं झालं. म्हणून तिने उलट त्यातली उरलीसुरली खूणही काढून टाकली होती. आणि आता देशोदेशीचे समीक्षक त्याच चारीवर बसून तिच्या नावाने खडे फोडत असणार.

“काय झालं? चेहरा का उतरला?”

“काही नाही... माझा स्टॉप आला.”

“आपण अजून डेक्कनलाच आहोत,” तो म्हणाला. “बसा हो. मी इंद्रजीत. कर्वेनगरला उतरतो, शेफालीकडे. शेफाली म्हणजे माझी सहकारी. आमचं रेकॉर्डिंग तिच्या घरी असतं. लग्न झालंय तिचं.”

“मी विचारलं का?”

“नाही. मी सांगितलं.”

तिला हसू आवरेना. पावसाने काचेवर फेर धरला होता आणि बस मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. आज पहिल्यांदाच तिला ट्रॅफिकचा राग येत नव्हता.

“उद्या याच वेळेला, याच बसने?” कर्वेनगरला उठता उठता तो म्हणाला. “पुढे पुन्हा अडलो तर...”

“अडायचंच ठरवलंय का?”

“तुम्ही शेजारी असाल तर... अडायला हरकत नाही.” एवढं बोलून तो स्वतःच इतका गडबडला की दांड्याला डोकं आपटून घेतलं.

घरी येऊन तिने अप्पांना सगळं सांगितलं. दांड्याचं सोडून. पोपटराव, म्हणजे आपले अप्पा, आधी पोटभर हसले.

“आगं येडे, आपल्याला म्हाईत हाय म्हणून जगाला म्हाईत हाय व्हय? सांगून टाक की त्यान्ला.”

“सरळ सांगितलं तर कोडं कुठे राहतं अप्पा?”

“मंग वाकडं सांग. बांधावर एखादा बसलेला असतोच की कुरकुर करत. आमचा गेनबातात्या न्हवता का? त्याचं त्येवढंच काम.”

उत्कर्षाने त्यांच्यासमोर माइकच ठेवला. अप्पांनी एकदा खाकरून घेतलं आणि सुरू झाले – “वरचं समदं पोटभर पित्यात आन् आमचं श्येवटचं वावर कोरडंठाक! आमच्या बापाच्या येळंला उलटं हुतं, बाबा. उलटं हुतं!” खोकल्यासकट एका दमात. पुन्हा म्हणायची गरजच पडली नाही. बांधावर कुरकुरणारा माणूस बसवून तिने सुधारलेला गेम सगळ्या समीक्षकांना पाठवला आणि देवापुढे हात जोडले. वेळ होता तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली तेव्हा इंद्रजीत शेजारच्या सीटवर दप्तर ठेवून बसला होता आणि एका आजोबांना अत्यंत नम्रपणे सांगत होता, “आपण बसा ना, पण वारज्याची मंडळी आली की उठावं लागेल.” आजोबांनी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि “चालू द्या” म्हणून पुढे गेले.

तो कर्वेनगरला उतरलाच नाही. “मला तो कॅनॉल बघायचाय,” म्हणाला. मग ती त्याला जुन्या कॅनॉलच्या रस्त्याने घेऊन गेली. पाऊस भुरभुर येत होता, छत्री एकच होती, आणि दोघंही ती दुसऱ्याच्याच डोक्यावर धरायला बघत असल्यामुळे दोघंही भिजत होते. इथे दार होतं, इथे आमची चारी, ती स्कूटर लावलीय ना तिथे आत्याने एकदा शेजाऱ्याला खोऱ्याने धमकावलं होतं, आणि ती समोरची आमची इमारत... ती सांगत होती आणि तो ऐकत होता. नुसतं ‘हं हं’ नाही. थांबून, विचारून, तिच्या हाताच्या दिशेने बघत. असं आपलं बोलणं कुणी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना.

अमृततुल्यच्या बाकावर एकमेकांचे फोन नंबर घेऊन झाले आणि चहा घेताना तो हळूच म्हणाला, “एक सांगू? गुरुवारपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. मला तो गेम आवडायला लागलाय. त्यात कुणी कुणाला मारत नाही. नुसतं पाणी वाटायचं आणि म्हैस शोधायची. काल तर बांधावर एक म्हातारा पण आलाय. काय कुरकुरतो! मी कोडं सुटल्यावरही त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो.”

उत्कर्षाला आनंदाने उडी मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी लाजही वाटली. तो मोकळ्या मनाने बोलत होता आणि ती जणू दाराआडून ऐकत होती. असं चालणार नव्हतं. तिला हा माणूस आवडायला लागला होता – छे, लागला कसला, आवडलाच होता – आणि आवडत्या माणसाला फसवून मिळालेले मार्क घेऊन ती करणार काय?

तरी त्या दिवशी धीर झाला नाही. बुधवारी झाला. त्याच बाकावर, चहा येण्याच्या आधीच.

“इंद्रजीत, चंद्रभागा माझी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे... तो स्वतःला फार शहाणा समजणारा लेकाचा मीच.”

ती मग थांबलीच नाही. अप्पा, पोहे, माइक, सगळं भडाभडा सांगून टाकलं. आणि कळायच्या आत हैदराबादही सांगून बसली. “नाव झालं तर राहीन, नाहीतर सोमवारी त्यांना हो म्हणणार आहे. तुम्हाला दया यावी म्हणून सांगत नाहीये हं, पण...”

इंद्रजीतने नुकताच हातात आलेला भरला कप तसाच खाली ठेवला.

“हे तुम्ही मला सांगायला नको होतं,” एवढंच म्हणाला आणि छत्री न घेता पावसात निघून गेला.

संपलं, उत्कर्षाला वाटलं. मार्कही गेले आणि माणूसही गेला. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली. अप्पांनी दोनदा दार वाजवलं, मग भाकरी झाकून ठेवली.

गुरुवारी सहा वाजता बाप-लेक लॅपटॉपपुढे बसले. उत्कर्षाने डोळे गच्च मिटले होते. “तुम्हीच बघा अप्पा.”

“मला इंग्रजी येतंय व्हय?”

उघडावे लागले डोळे. पहिलं परीक्षण परदेशातलं. ती वाचत गेली आणि अप्पांना मराठीत सांगत गेली. ते लिहिणाऱ्या बाईंनी म्हटलं होतं, पाणी वाटण्याच्या कोड्यांत इतकी माणुसकी असेल असं वाटलं नव्हतं, आणि बांधावर कुरकुरणारा म्हातारा हा त्यांना यंदा भेटलेला सगळ्यात लाडका माणूस.

“म्हातारा कुणाला म्हनतीया?” अप्पा म्हणाले, पण मिशीतल्या मिशीत खूश झाले होते.

दुसरं चांगलं. तिसरं तर फारच चांगलं. चौथ्याने मात्र तक्रार केली होती की म्हैस फार सावकाश चालते.

“मंग काय घोडी हाय ती?” अप्पा उसळले. आणि उत्कर्षा एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. हैदराबादला नाही म्हणता येणार होतं! ती अप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली आणि ते नुसते थोपटत राहिले.

‘दहापैकी’ तिने सगळ्यात शेवटी उघडलं. उघडावं की नाही, हाच प्रश्न होता. पण उघडलं, आणि तोच आवाज आला.

“नमस्कार. मी इंद्रजीत. ‘पाणीपाळी’चं परीक्षण आज शेफाली करणार आहे. का, ते सांगतो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गेममध्ये समीक्षकाचा काही हितसंबंध असेल तर त्याने तो आधीच जाहीर करायचा. बनवणारा मित्र असेल, त्याने साधा चहा पाजला असेल, तरी सांगायचं. तर जाहीर करतो. या गेमच्या कर्त्या बाईंनी मला चहा पाजलाय. एक कोडं बसमध्ये सोडवून दिलंय. तेव्हा त्या कोण हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आणि माझा हितसंबंध असा आहे की...” इथे तो आवाज अडखळला. महाराष्ट्राने पहिल्यांदाच ऐकलं असेल ते. “...त्यांनी हे शहर सोडून जाऊ नये, असं मला फार वाटतं. इतकं वाटतं, की त्या राहाव्यात म्हणून मी दहापैकी दहा देऊन मोकळा झालो असतो. अशा माणसाने मार्क देऊ नयेत. शेफाली, घे बाई.”

“बरं झालं, गेला एकदाचा,” शेफाली म्हणाली आणि कामाला लागली. तिने आठ दिले. ‘दहापैकी’वरचे पहिले आठ! पण उत्कर्षाला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

“हितसंबंध म्हंजी काय गं?” अप्पांनी विचारलं.

“अप्पा... म्हणजे...” तिचे कान लाल झाले.

“ऱ्हाऊ दे. कळलं.” अप्पांनी टोपी सारखी केली. “चारचौघांत बोलला की पोरगं. हाय कुठं ते?”

तेवढ्यात फोन वाजला. संदेश होता – ‘खाली उभा आहे. वर बोलवाच असं नाही. पण पाऊस आहे.’

ती जिना कसा उतरली ते जिन्यालाच माहीत. तो पार्किंगच्या पत्र्याखाली उभा होता, निथळत, चष्मा हातात घेऊन. चष्म्याशिवाय त्याचे डोळे भलतेच भाबडे दिसत होते.

“काल एक शब्द बोलला असतात तर?” ती म्हणाली. “मेले नुसती रडून रडून.”

“काल बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, मार्कांच्या बदल्यात बोलतोय. आणि मार्क दिले असते तर मलाच कळलं नसतं, गेमला देतोय की तू थांबावीस म्हणून देतोय. म्हणून आधी ते काम हातावेगळं केलं. म्हटलं, मग बोलू.”

“‘तू’ म्हणालात.”

“चुकलं.”

“नाही चुकलं.” ती पुढे सरकली. “खरं सांग. तू किती दिले असतेस?”

त्याने हातातला चष्मा शर्टाला पुसला. वर बघितलं, खाली बघितलं. “साडेसात.”

“प्रेमात पडूनसुद्धा साडेसात?”

“गेमला! म्हैस खरंच सावकाश चालते गं...”

उत्कर्षा इतकी हसली की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. मनावर उरलंसुरलं जे काही होतं ते त्या हसण्यात वाहून गेलं. या माणसाने उद्या आपल्याला सुंदर म्हटलं तर ते खरं असेल, तिला वाटलं. भांडणात ‘तुझं चुकलं’ म्हटलं तर तेही खरं असेल. किती सुटल्यासारखं वाटतं अशा माणसापाशी!

“तू मला आवडतोस,” ती म्हणाली. “आणि मी हैदराबादला जात नाहीये.”

“मी विचारलं का?” तो म्हणाला आणि गडबडीत चष्मा उलटा घातला.

“नाही. मी सांगितलं.”

गॅलरीतून अप्पा ओरडले, “आवो पावणं, भिजताय कशापायी? च्या टाकलाय!” इंद्रजीत दचकून दोन पावलं मागे सरला. उत्कर्षाने त्याचा ओला हात धरला आणि त्याला जिन्याकडे ओढलं. “चल,” ती म्हणाली, “आणि त्यांच्यासमोर म्हशीबद्दल एक अक्षर काढू नकोस.”